झाड वाचवा म्हटलं की आधी पक्ष का विचारतात?

अबोली (धागाकर्ती)

ऑक्टोबर २०१९ मध्ये हायकोर्टाने मेट्रो ३ च्या कारशेडविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मुंबईतल्या आरेच्या जंगलात करवती सुरू झाल्या. तेव्हा राज्यात भाजप-शिवसेनेचं एकत्र सरकार होतं. म्हणजे कारशेड इथेच होणार म्हणणारे आणि होऊ देणार नाही म्हणणारे एकाच मंत्रिमंडळात होते. सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत २,१४१ झाडं पडली. नंतर सरकार बदललं, कारशेड कांजूरमार्गला निघाली, ती जागा कोर्टात अडकली, २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदललं आणि कारशेड परत आरेत आली. आता मेट्रो ३ धावते आहे आणि मीही तिने जाते.

कारशेड कुठे व्हायला हवी होती यावर इथे भरपूर लिहून झालंय, ते पुन्हा नको. माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या इमारतीत ज्या काकू ओला कचरा घरच्या घरी जिरवतात, गच्चीवर भाजी लावतात, त्या आरेचं नाव काढलं की म्हणतात, "तुम्ही अमुक पक्षाच्या दिसता." आणि आरेसाठी रस्त्यावर उतरलेला माझा एक मित्र रिफायनरीचा विषय आला की आधी बघतो, सध्या कोण विरोधात आहे. दोघांनाही झाडाची माया आहे, त्यात मला शंका नाही. मग ठराविक जागेचं, ठराविक प्रकल्पाचं नाव आलं की माणसं पक्षांच्या रांगेत का उभी राहतात?

माझं मत सांगते. आपल्याकडे पक्षांना पर्यावरणाबद्दल भूमिकाच नाही. सत्तेत असताना एक आणि बाहेर असताना दुसरी, एवढंच. लोक मात्र ती भूमिका खरी समजून आपसात भांडतात. पटतंय का?

चहाबिस्कीट

धागा शंभरी गाठणार. कोपऱ्यातली जागा धरून ठेवतो.

कातळसडा

अबोलीताई, शंभर टक्के पटतंय. आमच्या राजापूर तालुक्याइतका पुरावा दुसरीकडे मिळणार नाही.

नाणारला रिफायनरी येणार म्हणून सांगितलं, वर्षाला ६ कोटी टन क्षमतेची. शिवसेना सत्तेत होती आणि विरोधातही होती. २०१९ च्या लोकसभेआधी युती झाली तेव्हा नाणारची जमीन संपादनातून काढण्याची अट घातली गेली आणि मार्चमध्ये अधिसूचना रद्द झाली. गुलाल उधळला. जानेवारी २०२२ मध्ये त्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून बारसूची जागा सुचवली. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, माती तपासणीसाठी पोलिसांचा ताफा आला, बायका उन्हात कातळावर आडव्या झाल्या, तोवर सरकार दुसऱ्यांचं झालेलं. मग पत्र लिहिणारे विरोध करायला सड्यावर आले.

आम्ही तेच, सडा तोच, कातळशिल्पंही तीच. बदलले फक्त बाजूने बोलणारे. त्यामुळे गावात आता कोणी कुठल्या बाजूने बोललं की पहिला संशय हाच, याला कोणी पाठवलं?

जुन्या लोकांना आठवत असेल, १९९५ च्या निवडणुकीत युतीने एन्रॉनचा वीज प्रकल्प समुद्रात बुडवू म्हणून मतं मागितली होती. सत्ता आल्यावर करार रद्द केला, मग पुन्हा वाटाघाटी केल्या, आणि दाभोळला प्रकल्प उभा राहिला. गुहागरची माणसं बघत राहिली.

राजापूरचा_पोरगा

कातळसडा, तुम्ही सांगितलंत ते खरं आहे, पण अर्धं.

मी तिथलाच. वर्गातल्या मुलांपैकी गावात राहिलेले हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकी सगळे मुंबई, ठाणे, पुणे. गणपतीला चार दिवस घरं उघडतात, मग कुलपं. आंब्याचा मोहोर करपला की वर्ष गेलं, आणि तो आता बऱ्याचदा करपतो. अशा वेळी कोणी दवाखाना, शाळा, नोकरी यांची गोष्ट काढली तर आम्ही ऐकायचं नाही का? मी रिफायनरीच्या बाजूने बोललो तेव्हा मला विकला गेलास म्हणाले. आणि म्हणणारे कोण, तर ज्यांची पोरं आखातातल्या रिफायनरीत नोकरीला आहेत ते.

आणि एक स्पष्ट सांगतो, राग आला तरी चालेल. सह्याद्रीत डोंगर कापून बांधलेल्या बंगल्यांत शनिवार-रविवार घालवणारी माणसं आम्हाला सडा जपायला सांगतात, तेव्हा डोकं फिरतं. फूट पक्षांनी पाडली म्हणता. पक्षांनी नुसती काडी लावली. पेंढा आधीच वाळलेला होता.

अबोली

हा मुद्दा मला हवाच होता, लिहिलंत ते बरं केलंत. मी मुंबईची आहे, तेव्हा बंगलेवाल्यांमध्ये नाही, पण आमची वीज कुठून येते हे मला ठाऊक आहे.

निवांत_पेणकर

राजापूरच्या पोराशी सहमत. आमच्याकडे हेच प्लास्टर ऑफ पॅरिसवरून झालं.

पेण आणि आसपासच्या गावांत घरटी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. केंद्रीय प्रदूषण मंडळाने २०२० मध्ये पीओपीवर बंधन घातलं, कोविडमुळे ते पुढे ढकललं गेलं, जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने अंमलबजावणी कडक करायला सांगितली. तेव्हा आमच्याकडे मूर्ती कच्च्या तयार होत्या, कर्ज उचललेलं होतं. शाडूची मूर्ती सुकायला वेळ घेते, वजनाला जड, प्रवासात तडकते. कारागीर पिढीजात आहे, त्याला शाडू शिकवावा लागत नाही, पण संख्या आणि किंमत बसत नाही. जूनमध्ये कोर्टाने मूर्ती करायला परवानगी दिली, विसर्जन नैसर्गिक पाण्यात नाही या अटीवर.

आता गंमत बघा. आम्ही विचारत होतो, आमच्या कर्जाचं काय? टीव्हीवर चर्चा चालली होती, फक्त हिंदूंच्याच सणांवर बंधनं का? आमचा प्रश्न कोणीतरी उचलला आणि त्याला भलताच रंग देऊन परत आमच्या दारात आणून ठेवला. आणि समोरून जे पर्यावरणवाले बोलत होते त्यांच्यातल्या एकानेही कारखान्यात पाऊल टाकलेलं नव्हतं. विसर्जनानंतर किनाऱ्यावर पडलेले हात-पाय बघून मलाही वाईट वाटतं हो. मूर्ती माझ्या हातची असते.

चिंचपोकळी_चाळ

पेणकर काका, आमच्या मंडळाची मूर्ती उंच असते, ती शाडूत होणारच नाही. यावर तोडगा आहे का काही?

निवांत_पेणकर

उंची कमी करा. एवढाच तोडगा आहे. पण कोणतं मंडळ पहिलं करणार?

चिंचपोकळी_चाळ

शेजारच्या मंडळाने केली की आम्ही. :)

मुळशीकर

पक्ष हा शब्द काढूनच बोलू या थोडं. १९२१ मध्ये मुळशीला धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात होते. टाटांचं धरण, वीज मुंबईच्या गिरण्यांना. तेव्हा पर्यावरण हा विषय नव्हता, जमीन हा विषय होता. आणि तेव्हाही फूट पडलीच. खोऱ्यातली बरीच जमीन कागदावर पुण्याच्या सावकारांच्या नावे होती, कसत होता मावळा. सावकाराला मोबदला हवा होता, चांगला मिळाला तर धरण झालं काय नि न झालं काय. मावळ्याला जमीनच हवी होती. काँग्रेसमध्ये तेव्हा त्यावरून दोन तट होते. धरण झालंच.

म्हणून मला वाटतं, अबोलीताई, फूट पक्षांच्याही आधीची आहे. एका ठिकाणच्या माणसाने सोसायचं आणि दुसऱ्या ठिकाणच्या माणसाला मिळायचं, अशी वाटणी जिथे असते तिथे भांडण होणारच. पक्ष त्या भांडणाला नाव आणि झेंडा देतो.

टेक्सासवाला

मुळशीकर, हे इकडेही लागू पडतं, पण इकडे एक वेगळीच गोष्ट झाली आहे.

अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्था १९७० मध्ये निक्सनच्या काळात उभी राहिली. तो रिपब्लिकन. त्याच वर्षीचा हवाशुद्धीचा कायदा सिनेटमध्ये ७३ विरुद्ध ० मतांनी गेला. शून्य! आज दोन्ही पक्ष मिळून रस्त्याला नाव देतील की नाही शंका आहे. माझ्या ऑफिसात हवामानबदल म्हणालात की अर्ध्या लोकांना वाटतं तुम्ही त्यांच्या विरोधी पक्षाचे. पण तीच माणसं शेतात पवनचक्की बसवून भाडं घेतात. पवनऊर्जेत देशात पहिलं राज्य टेक्सास आहे, आणि ते रिपब्लिकन राज्य आहे. पवनचक्कीला विरोध नाही, त्या शब्दांना विरोध आहे, कारण ते शब्द दुसऱ्या गटाचे झाले.

म्हणजे नाशिकच्या द्राक्षवाल्याला अवकाळीबद्दल विचारा, तो तासभर बोलेल. त्याच्यासमोर हवामानबदलावर भाषण द्या, तो उठून जाईल.

द्राक्षबाग_पिंपळगाव

टेक्सासवाले, मी द्राक्षवालाच आहे आणि उठून जाणार नाही. पण भाषणानंतर विचारेन, प्लास्टिकच्या आच्छादनाला अनुदान किती? कारण गारपीट झाली की बँक हवामानबदल मानत नाही, हप्ता मानते.

साहेबराव

एवढं सगळं लिहिलंत, पण मूळ गोष्ट कोणी बोलत नाही. या देशातला प्रत्येक मोठा प्रकल्प अडवायला बाहेरून पैसा येतो. जैतापूर बघा, नर्मदा बघा. चीनने धरणं बांधली तेव्हा कोणी उपोषणाला बसलं?

कातळसडा

साहेबराव, बारसूच्या सड्यावर ज्या बायका झोपल्या होत्या त्यांतली एक माझी आत्या. तिला बाहेरून आलेला पैसा म्हणजे मुलाची मनीऑर्डर. ती एसटीच्या भाड्याला पुरत नाही.

माका येक सांगा, झाडां आमी राखली, देवराया आमी राखल्यो, आणि आता आमकाच देशद्रोही म्हणतास?

साहेबराव

तुमच्या आत्याबद्दल बोललो नाही, आदर आहे. मी नेत्यांबद्दल बोललो.

विधी_आणि_विधान

साहेबराव, मुद्दा पैशाचा असेल तर एका जागी तो नियमातच बसवलेला आहे. पर्यावरण परिणाम अहवाल कोण करतो? सल्लागार संस्था. तिला फी कोण देतं? प्रकल्प आणणारा. २००६ च्या अधिसूचनेपासून हीच पद्धत आहे. अहवाल प्रतिकूल दिला तर पुढचं काम कोण देणार? मग लोकांचा त्या कागदावर विश्वास बसत नाही, आणि विश्वास नसला की माणूस आपल्या ओळखीच्या माणसाचं ऐकतो. तो ओळखीचा माणूस बहुतेक वेळा कुठल्या तरी पक्षाचा कार्यकर्ता असतो. पक्ष पर्यावरणात शिरतो तो या फटीतून.

जनसुनावणीचंही तसंच. किमान तीस दिवसांची नोटीस द्यायची, अहवाल ठेवायचा, लोकांचं म्हणणं लिहून घ्यायचं. मी अशा काही सुनावण्यांना वकील म्हणून गेलो आहे. जागा आधीच ठरलेली असते. लोक ओरडतात, इतिवृत्त लिहिलं जातं, मंजुरी येते. 'नाही' म्हणण्याचा अधिकारच नसेल तर लोक बोलायला नव्हे, सुनावणी उधळायला येतात. आणि ज्यांना प्रकल्प हवा आहे ते तिथे तोंडच उघडत नाहीत. राजापूरच्या पोराला विचारा.

राजापूरचा_पोरगा

खरं आहे. मंडपात बोलायची हिंमत झाली नाही माझी.

घाटवाट

आता गाडगीळ अहवालाबद्दल लिहायलाच हवं. माझ्या मते या धाग्याचं उत्तर त्यात आहे, आणि त्याचं जे झालं त्यातही.

माधव गाडगीळांच्या समितीने ऑगस्ट २०११ मध्ये पश्चिम घाट कसा जपायचा यावर अहवाल दिला. केंद्राने तो दडपून ठेवला. माहिती अधिकारात मागितला तरी दिला नाही, प्रकरण दिल्ली हायकोर्टापर्यंत गेलं आणि २०१२ मध्ये तो बाहेर आला. मधल्या काळात काय झालं असेल? अहवाल कोणी वाचलेला नव्हता आणि अफवा सगळ्यांनी ऐकल्या होत्या. घर बांधता येणार नाही, गाय पाळता येणार नाही, शेती सोडावी लागेल. प्रत्यक्षात समितीने घाटाचे तीन स्तर केले होते. सर्वांत संवेदनशील भागात नव्या खाणी नकोत, नवी हिल स्टेशनं नकोत, विशेष आर्थिक क्षेत्रं नकोत, रासायनिक कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद करा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, या सीमा शेवटच्या समजू नका, ग्रामसभांशी बोलून ठरवा.

हा शेवटचा भाग कुणालाच नको होता. ना राज्य सरकारांना, ना वनखात्याला, ना खाणवाल्यांना. मग कस्तुरीरंगन समिती आली. तिने एप्रिल २०१३ मध्ये घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला, उपग्रहाच्या चित्रांवरून, गाव हे एकक धरून. गावाचा वीस टक्के भाग संवेदनशील निघाला की अख्खं गाव यादीत. ग्रामसभा गेली, यादी आली. वरून आलेल्या यादीत आपल्या गावाचं नाव बघून कोण खूश होईल?

केरळात २०१३ च्या नोव्हेंबरात पेटलं. संप झाले, वनखात्याचं कार्यालय जाळलं गेलं. इडुक्कीत चर्च, डावे, काँग्रेसचे बरेच लोक सगळे एका बाजूला. तिथले काँग्रेसचे खासदार पी. टी. थॉमस मात्र गाडगीळ अहवालाच्या बाजूने उभे राहिले. त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली लोकांनी. २०१४ मध्ये त्यांना तिकीट मिळालं नाही, आणि ती जागा डाव्यांच्या पाठिंब्यावर उभ्या राहिलेल्या अपक्षाने जिंकली. इतर पक्षांनी त्यातून काय शिकायचं ते शिकून घेतलं.

३० जुलै २०१४ ला आपलं माळीण गेलं, १५१ माणसं. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ ला वायनाड. दरड कोसळली तो वैथिरी तालुका गाडगीळ समितीच्या सर्वांत संवेदनशील विभागात होता. दुसऱ्याच दिवशी केंद्राने घाटाच्या अधिसूचनेचा मसुदा पुन्हा काढला. सहावा मसुदा. ५६ हजार आठशे चौरस किलोमीटरच्या आसपास, त्यात महाराष्ट्राचा १७,३४०. केंद्रात दोन वेगवेगळ्या आघाड्या येऊन गेल्या, घाटाच्या सहा राज्यांपैकी गुजरात सोडून बाकी ठिकाणी सरकारं बदलली, आणि सहाव्या मसुद्यापर्यंत अधिसूचना मात्र कुणाच्याच काळात अंतिम झाली नाही.

म्हणून अबोलीताई, तुमच्या वाक्यात एक भर घालतो. पक्ष आपसात भांडतात ते प्रकल्पावर. ग्रामसभेला अधिकार द्यायचा नाही यावर त्यांच्यात भांडण नाही.

चहाबिस्कीट

हा प्रतिसाद स्वतंत्र धागा करा, घाटवाट.

स्ट्रॉबेरी_वाई

घाटवाट, छान लिहिलंत, पण संवेदनशील क्षेत्रात राहणाऱ्याचं ऐका. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून तसं क्षेत्र आहे. आमची शेती त्या बाजूला. गोठ्याचा पत्रा बदलायचा, विहिरीचा गाळ काढायचा, तर कागद घेऊन फिरायचं, आणि प्रत्येक टेबलावर काहीतरी ठेवायचं. त्याच रस्त्यावर तीन मजली हॉटेल उभं राहतं, त्याला कोणी विचारत नाही. मग मला सांगा, माझ्यासाठी संवेदनशील क्षेत्र म्हणजे काय? लाच देण्याची जागा. मला सह्याद्री तुमच्याइतकाच प्रिय आहे, पण या नावाखाली पुन्हा काही येणार असेल तर मी विरोधातच मत देणार.

घाटवाट

दादा, तुमचा राग मान्य आहे. गाडगीळांचा आग्रहही हाच होता की नियम खात्याच्या हातात दिले की ते लाचेचं साधन होतात, म्हणून अधिकार गावाकडे द्या.

स्ट्रॉबेरी_वाई

गावातल्या सरपंचालाही हात असतात हो.

सांखळी

गोव्यातून लिहितोय. सगळे कोकण आणि घाट म्हणतायत म्हणून थोडं आमचंही.

२०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. आमच्या डिचोली-सत्तरीच्या पट्ट्यात घरटी ट्रक. कर्जाचा ट्रक दारात उभा, टायर झिजतायत. त्या घरात जाऊन खाणीने विहिरी आटल्या सांगितलं तर तो म्हणतो, विहीर आटली हे मला ठाऊक आहे, पाणी मी टँकरने आणतो, टँकरचे पैसे कुठून आणू? एकाच घरात थोरला भाऊ ट्रकवाला, धाकट्याची कुळागरं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, चिखलाने भरलेली. दोघांचे पक्ष वेगळे, म्हणजे आधी एकच होता.

पण मोलेमला वेगळं झालं. २०२० मध्ये अभयारण्यातून रेल्वेचा दुसरा रूळ, रस्ता आणि विजेची तार, तिन्ही एकदम आले. तेव्हा चांदोरला रात्री रुळांवर लोक उतरले ते कुठल्याच झेंड्याखाली नव्हते. शिकणारी पोरं, चित्रकार, शेतकरी, चर्चवाले, देवळातले, सगळे. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने रेल्वेच्या दुसऱ्या रुळाची मंजुरी रद्द केली. माझ्या मते कारण साधं आहे. मोलेममध्ये गोव्यातल्या कोणाची रोजीरोटी जात नव्हती. कोळसा वाहून न्यायचा होता तो बाहेरच्यांचा. सोसणारे सगळे आणि मिळवणारा गावातला कोणीच नाही, तिथे फूट पडत नाही.

मुळशीकर

सांखळी, माझं म्हणणं तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडलंत.

बोंबील_वाळवण

डहाणूकडून. आमच्याकडे फूट पाडायला वेळ लागला पण पाडलीच. १९९१ मध्ये तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. १९९६ मध्ये प्राधिकरण बसलं, न्यायमूर्ती धर्माधिकारी अध्यक्ष. १९९८ मध्ये त्या प्राधिकरणाने वाढवणचं बंदर नाकारलं. तेव्हा कोळी, आदिवासी, बागायतदार एकत्र होते. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने ना हरकत दिली, ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी. ७६ हजार कोटींचं बंदर.

आता किनाऱ्यावरचा कोळी विरोधात, आणि आतल्या गावातला पोरगा म्हणतो नोकरी मिळेल. जो मासेमारी करतो त्याला त्याच्याच भाच्याशी भांडायला लावलंय. निवडणुकीला उमेदवार दोघांकडे जातो आणि दोघांना हवं ते सांगतो.

अवांतर: बोंबील वाळवायचे बांबू यंदा कोणाकडे स्वस्त मिळतील?

कोपरखैरणे_कोळीण

बांबू वसईला बघ भावा. आणि पापलेट या वर्षी काय भावाने गेलं ते विचारू नको, रडू येईल.

साहेबराव

सगळ्यांचं वाचलं. बाहेरच्या पैशाचं माझं मत तसंच आहे, पण कातळसडा आणि डहाणूवाल्यांना उद्देशून नव्हतं ते. एक विचारतो. सगळीकडे नाहीच म्हणायचं असेल तर देशाला वीज, तेल, बंदर लागतं ते कुठे करायचं?

वैनगंगा

साहेबराव, तुमचा प्रश्न रास्त आहे. मी गडचिरोलीची, म्हणून आमच्याकडचं सांगते.

मेंढा-लेखा गाव. "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, सुमारे १,८०० हेक्टर. तरी वनखातं बांबूच्या वाहतुकीचा परवाना गावाला देईना. एप्रिल २०११ मध्ये केंद्राचे मंत्री जयराम रमेश स्वतः तिथे आले तेव्हा परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. ते गाव निर्णय बहुमताने घेत नाही, सर्वसहमतीने घेतं. एकाने अडवलं तर पुन्हा बसायचं. त्याआधी अभ्यासगट बसतो, बाहेरच्या जाणकारांना बोलावतो, प्रश्न विचारतो. बांबू तोडायचा की नाही हा तिथे पक्षाचा विषय कधी झाला नाही, कारण तोडला तरी पैसा गावाचा आणि जंगल संपलं तरी तोटा गावाचाच. मिळवणारा आणि सोसणारा एकच माणूस आहे.

आणि गावं नेहमी 'नाही'च म्हणतात हे खरं नाही. मेंढ्याने बांबू तोडला, विकला. उलट ओडिशात नियमगिरीच्या डोंगरातल्या खाणीबद्दल २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने बारा ग्रामसभांना विचारलं, बाराच्या बारा नको म्हणाल्या. तिथे केंद्रात एका पक्षाचं आणि राज्यात दुसऱ्याचं सरकार होतं, पण विचारल्यावर दोघांनाही ऐकावं लागलं. सिंधुदुर्गातल्या काही गावांनी तर ठराव करून आम्हाला संवेदनशील क्षेत्रात घ्या असं स्वतःहून सांगितलं होतं, बाजूला खाणी बघून. त्याच जिल्ह्यात यादीविरुद्ध मोर्चेही निघाले. यादी वरून आली म्हणून मोर्चा, ठराव गावातून आला म्हणून एकमत.

वीज कुठे करायची ते मी एकटी कशी सांगू? पण विचारायची पद्धत असेल तर 'कुठे' याचं उत्तर मिळतं. न विचारता आणलं की चांगली गोष्टही पक्षाची होते.

अबोली

वैनगंगा, खूप आभार. धागा काढला तेव्हा माझा सगळा राग पक्षांवर होता. तो अजून आहे. पण पेणकर, सांखळी आणि वाईच्या दादांचं वाचून आता असं म्हणेन की पक्षाला आत शिरायला जागा आपण ठेवतो. ज्याच्यावर बोजा पडतो त्याला कोणी विचारत नाही, आणि त्याच्याजवळ जाऊन बसणारा पहिला माणूस कार्यकर्ता असतो. आरेतही पाड्यांमधल्या आदिवासींना मेट्रोच्या बाजूनेही कोणी नीट विचारलं नाही आणि आमच्या बाजूनेही उशिरा विचारलं. काकूंशी मी झाडांवरून भांडले, पाड्यावर आम्ही दोघीही गेलो नव्हतो.

राजापूरचा_पोरगा

वैनगंगाताई, पटलं, पण एक अडचण आहे. ग्रामसभेचा नकार मानायचा, ठीक. मग होकारही मानणार का? माझ्या गावाने उद्या सर्वसहमतीने म्हटलं की कारखाना हवा, तर मुंबई-पुण्याचे लोक गप्प बसतील? की तेव्हा म्हणतील, यांना कळत नाही?

विधी_आणि_विधान

मुद्द्याचा प्रश्न. नियमगिरीचं कौतुक करणाऱ्या प्रत्येकाने याचं उत्तर द्यायला हवं.

वैनगंगा

मानायचा. माझं उत्तर सरळ आहे. पण होकार कसा आला ते बघायचं. अहवाल मराठीत, गावात वाचून दाखवलेला, प्रश्न विचारायला वेळ दिलेला, पोलिसांच्या गाड्या न उभ्या करता. आणि कारखान्याचं पाणी ज्या ओढ्यात जाणार तो ओढा पुढच्या गावात जातो. त्या गावाचीही सभा हवी.

कातळसडा

आणि खाडीचीही. खाडीत मासे मारणारे वेगळ्या ग्रामपंचायतीत राहतात. आजवर प्रत्येक वेळी जमीन ज्याची त्यालाच विचारलं, पाणी ज्याचं त्याला कधीच नाही.

राजापूरचा_पोरगा

खालचं गाव आणि खाडी, मान्य. पण कुठेतरी रेघ मारा. मुंबईच्या सोसायटीला विचारायचं म्हटलं तर माझा नातूसुद्धा गावाबाहेरच नोकरी करेल.

कातळसडा

खाडीपर्यंत. मुंबईपर्यंत नाही. एवढ्यावर आपलं जमलं तर येत्या ग्रामसभेला तू ये, मी विरोधात बोलेन, तू बाजूने बोल. मंडपात बोल मात्र.

राजापूरचा_पोरगा

सुट्टी मिळाली तर येतो. तारीख कळवा.